स्वस्त रायफलीचा जबाब

नोकरीतले पुष्कळ तपास आता एकमेकांत मिसळून गेले आहेत, पण सूनबाईच्या रायफलीचा तपास मला तारीखवार आठवतो. तो मी निवृत्त झाल्यावर केला, तोही जपानात, जिथे मला ना वर्दी, ना भाषा, ना अधिकार.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. शिक्षण सातवी, तीही दोन दमात. मात्र नोकरीतली एकवीस वर्षं जिल्हा मुख्यालयाच्या शस्त्रागारात काढली. साहेब लोक मोठमोठ्या पदव्या घेऊन यायचे आणि बंदूक अडली की मला हाक मारायचे. ही बढाई वाटली तर वाटू दे, खोटी नाही.

आमची मंडळी वारल्यावर चिरंजीवांनी मला तोक्योला आणलं. ओजिमाला सरकारी घरांच्या मोठमोठ्या इमारती आहेत, त्यातल्या एकीत नवव्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो. चिरंजीव कॉम्प्युटरवाले. सूनबाई पुण्यातली चांगली नोकरी सोडून त्यांच्या मागे इथे आली. पहिली दोन वर्षं तिने भाषा शिकण्यात आणि कचरा वेगवेगळा करण्यात घालवली. कॉलेजात ती एन.सी.सी.त होती, नेम चांगला होता. इथे एका नेमबाजी क्लबात तिने नाव घातलं आणि घरात पहिल्यांदा तिचं मोठ्याने हसणं ऐकू आलं.

या देशात बंदूक मिळवणं म्हणजे साधी गोष्ट नाही. छऱ्याची हवेवरची रायफल असली तरी परीक्षा, डॉक्टरचा दाखला, घरी पोलीस. आमच्याकडे आलेला तरुण अंमलदार बूट काढून आत आला, भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट हलवून पाहिलं आणि मलाही प्रश्न विचारले. सूनबाई रागीट आहे का? घरात भांडणं होतात का? मी ताठ बसून जबाब दिला. जन्मभर जबाब घेतले, देण्याची वेळ पहिल्यांदा आली. पोरगं कामाला पक्कं होतं. किल्ली कुठे ठेवता हे त्याने दोनदा, वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. मीही तेच केलं असतं.

परवाना एका माणसाला एका रायफलीचा. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही! एकवीस वर्षं हजारो बंदुका हाताखालून घातलेला माणूस, आणि घरातल्या बंदुकीपासून हात पाठीमागे बांधून उभा.

रायफल कुठली घ्यावी यावर घरात तीन दिवस वाद झाला. चिरंजीव म्हणाले, "घ्यायची तर नावाजलेल्या कंपनीची घे. एकदाच घ्यायची आहे." क्लबाचे मास्तरही तेच म्हणत होते. त्यांना सगळे सेन्सेई म्हणतात, मी मास्तर म्हणतो. त्यांची स्वतःची रायफल युरोपातली, भारी. सूनबाईचा डोळा मात्र एका साध्या, लाकडी दस्त्याच्या, फारसं नाव नसलेल्या रायफलीवर होता. तिने मला दुकानात नेलं. मी तिला खटका उघडायला लावला, चाप चार वेळा ओढायला लावला, कानाने ऐकलं आणि सांगितलं, "घे. बिनधास्त घे. नाव कंपनीचं असतं, नेम माणसाचा असतो."

माझ्या शब्दावर तिने ती घेतली. हे ध्यानात ठेवा.

सात महिने ती रायफल सरळ चालली. मग दसऱ्यानंतर तीन आठवड्यांनी खबर आली. खबर देणारी आमच्याच मजल्यावरची रत्नागिरीची बाई. ती खालच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, अर्धा दिवस काम करते, आणि रविवारी सूनबाईबरोबर क्लबात येते. खबऱ्या कसा असावा? त्याला सगळं माहीत असावं आणि पोटात काही राहू नये. ही बाई अस्सल होती.

"काका, तुम्हाला म्हणून सांगते हां," ती लिफ्टजवळ म्हणाली. "तुमच्या सुनेचं नाव संघातून काढतायत."

"कोण काढतंय?"

"सेन्सेई. पुढच्या महिन्यात दुसऱ्या क्लबांशी सामना आहे ना. हिचे छर्रे तीन रविवार कुठच्या कुठे जातायत. सेन्सेई म्हणाले, बंदूक हलकी आहे, भरवसा नाही. ती विकून चांगली घ्या, मग पुढच्या वर्षी बघू."

"आणि सूनबाई?"

"ती काय बोलणार? घरी सांगू नको म्हणाली. बाबांना वाईट वाटेल म्हणे. आता मी बोलले नाही हां तुमच्याशी!"

नवी रायफल म्हणजे नवा परवाना, पुन्हा तो तरुण अंमलदार, आणि हंगाम गेला. पोरीला या परक्या गावात स्वतःचं म्हणून एकच काय ते मिळालं होतं, ते माझ्या शब्दापायी जात होतं. आणि माझा शब्द खोटा ठरत होता, ते वेगळंच.

संध्याकाळी मी तिला समोर बसवलं. ठाण्यात मी कधी ओरडून जबाब घेतला नाही. चहा द्यायचा, गप्प बसायचं. माणसाला शांतता सहन होत नाही. सूनबाईला झाली. ती चहा संपवून कप विसळायला उठली, तेव्हा मलाच बोलावं लागलं.

"छर्रे कुठे जातायत?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"खबऱ्याचं नाव सांगत नसतात."

"नवव्या मजल्यावर दोनच मराठी घरं आहेत, बाबा."

मग ती बसली आणि बोलली. झोप नीट आहे. डोळे तपासले. छऱ्यांचा डबा बदलून पाहिला, तरी तेच. एक छर्रा मधोमध, पुढचा डावीकडे वर, तिसरा आणखी कुठे. चिरंजीव मधेच म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं, स्वस्तातलं ते स्वस्तातलंच."

"तू गप. तुझा कॉम्प्युटर बंद पडला की आधी काय करतोस? बंद करून चालू. तपास तोही करत नाहीस."

मी तिच्या निशाण्याचे कागद मागवले. पोरगी शिस्तीची, प्रत्येक कागदावर तारीख. मी ते स्टेशन डायरीसारखे ओळीने जमिनीवर मांडले. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत छर्रे एका नाण्याखाली झाकले जातील असे. तिथून पुढे चाळणी. हळूहळू बिघडलेलं नव्हतं, एका आठवड्यात बिघडलं होतं. झिजलेली बंदूक अशी बिघडत नाही, आणि माणसाचा हातही नाही.

"या दोन कागदांच्या मधे काय झालं? पडली? कुठे आपटली?"

"नाही. कपाटातच होती." ती जरा थांबली. "मधे फक्त दसरा झाला, बाबा."

"दसऱ्याचा काय संबंध?" मी म्हणालो, आणि तो मुद्दा तिथेच बंद केला. तपासातली ही चूक मी शंभर शिपायांना सांगितली असेल, की साक्षीदार जे थांबून सांगतो ते आधी लिहून घ्या. त्या दिवशी मीच लिहिलं नाही.

रविवारी मी क्लबात गेलो. दोन गाड्या बदलून जावं लागतं. मास्तर माझ्याच वयाचे, कमरेत वाकून नमस्कार करणारे, पण मताचे पक्के. म्हणजे जोड बरोबरीची होती. सूनबाई दोघांच्या मधे उभी राहून भाषांतर करत होती.

मास्तर म्हणाले, स्वस्त रायफल सुरुवातीला छान चालते, मग धरलेला नेम सोडते.

मी म्हणालो, "त्यांना सांग, आमच्याकडे एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन बंदुका होत्या. एक बापासारखी, एक सावत्र बापासारखी. दोन्हींवर शिक्का एकच. शिक्का बघून बंदूक ओळखणारा माणूस लग्न पत्रिका बघून करतो."

सूनबाई तीन शब्द बोलली. मास्तर मान हलवून हसले.

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, बाबांचा अनुभव वेगळा आहे."

आमच्या शस्त्रागारात अशा तक्रारीचा निकाल दोन मिनिटांत लागायचा. बंदूक दुसऱ्या जवानाच्या हातात द्यायची. त्याच्याही गोळ्या फाकल्या तर बंदूक दोषी, नाहीतर जवान. इथे ती सोय नाही. तिची रायफल मास्तरही चालवू शकत नाहीत आणि त्यांची भारी रायफल तिला देता येत नाही. आरोपी दोघं, पण वेगवेगळ्या कोठडीत टाकता येत नाहीत.

मग मी म्हणालो, "बाकावर वाळूची पिशवी ठेवा. रायफल पिशवीवर टेकवून पाच छर्रे मारू दे."

तिने मारले. पाचही छर्रे एकाला एक चिकटून. पण निशाण्याच्या मधोमध नव्हे, बोटभर डावीकडे वर.

मास्तर म्हणाले, बघा, हात थरथरतो बहुतेक, रायफल ठीक आहे.

"थांबा!" मी मराठीतच ओरडलो, आणि ते थांबले. पिशवीवर रायफल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करते, पण चुकीची. हातात घेतली की दर वेळी वेगळी चूक. म्हणजे पकड बदलली की काहीतरी बदलतंय. नळी लाकडापासून मोकळी हवी, तिला कुठेतरी काहीतरी टेकतंय. हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही. हे हातांना माहीत असतं.

"सूनबाई, पातळ कागद आहे?"

पर्समधून कोंबिनीची पावती निघाली. मी दोन पावलांवर उभा, हात पाठीमागे. "नळीच्या टोकाशी, नळी आणि लाकूड यांच्या फटीत सरकव. हळू. मागे आण."

पावती सर्रकन मागे आली आणि अर्ध्यावर अडली. तिने जरा जोर दिला. पावती दुमडली.

"तिथेच आहे मुद्देमाल," मी म्हणालो.

मास्तरांनी लहान पेचकस दिला. तिने दस्त्याचे दोन स्क्रू काढले, नळी उचलली आणि आत पाहिलं. मग दोन बोटांत धरून काहीतरी माझ्यासमोर केलं.

तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल झालेला.

तो दाणा मी लगेच ओळखला. दसऱ्याला पोलीस मुख्यालयात शस्त्रपूजन होतं, सगळ्या बंदुका ओळीने मांडतात, हार-कुंकू, अक्षता. इथे आलो तरी शस्त्र घरात आणि पूजा नाही, हे मला पटेना. हात लावायचा नव्हता म्हणून मी खुर्चीवर बसून हुकूम सोडत होतो. गंध इथे लाव, फूल तिथे. अक्षता दस्त्यावर नको, नळीवर टाक, भरपूर टाक. ती "पुरे का, बाबा?" म्हणाली होती. मी म्हणालो होतो, "कंजूषपणा करू नकोस."

आमच्या जुन्या सरकारी बंदुकांची नळी वरूनही लाकडाने झाकलेली असते. अक्षता टाकल्या की ओघळून सतरंजीवर पडतात. या रायफलीची नळी उघडी, खाली केसाएवढी फट. माझा अनुभव खरा होता, पण दुसऱ्या बंदुकीचा होता.

मास्तरांनी दाणा तळहातावर घेतला, चष्मा वर करून पाहिला. "ओकोमे?" म्हणाले. तांदूळ?

सूनबाई माझ्याकडे पाहू लागली. काहीतरी बनवून सांगायची तिची तयारी दिसत होती. कचरा उडाला असेल, वगैरे.

"खरं सांग," मी म्हणालो. "सगळं सांग. खुर्चीवर कोण बसलं होतं तेही."

तिने सांगितलं. या वेळी भाषांतर चांगलं दोन मिनिटं चाललं. आधी मास्तरांचे खांदे हलले, मग ते बाक धरून हसायला लागले. रत्नागिरीची बाई तर खालीच बसली. "काका," ती म्हणाली, "आरोपी नवव्या मजल्यावरच सापडला म्हणायचा!" मीही हसलो. हसलो नसतो तर काय केलं असतं? स्वतःला अटक करून घेण्याचा कागद माझ्याकडे नव्हता.

तेवढ्या हसण्यात मी पंचनामा मात्र सोडला नाही. पावतीच्या पाठीमागे लिहिला. मुद्देमाल एक दाणा, लाल. जागा, नळीखाली. आरोपी, सहायक फौजदार, निवृत्त. पंच म्हणून मास्तरांनी सही केली, ब्रशने काढल्यासारखी सुंदर. मुद्देमाल कुठे जमा करायचा यावर सूनबाई म्हणाली, "जाळायच्या कचऱ्यात, बाबा. मंगळवारी आणि शुक्रवारी."

स्क्रू घट्ट बसवून तिने उभ्याने दहा छर्रे मारले. बाजूला मास्तरांनी आपल्या भारी रायफलीने दहा. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा कुठला कुणाचा हे त्यांना स्वतःला पाठीमागचं नाव बघून ठरवावं लागलं.

तरी खरं ते लिहितो. भारी रायफल भारीच. तिचा चाप लोण्यासारखा, थंडी-उन्हात ती मिजास बदलत नाही, भाग चटकन मिळतात. स्वस्त रायफलीचे स्क्रू सैल होतात, ते दर पंधरा दिवसांनी बघावे लागतात. तिच्यावर डोळा ठेवावा लागतो, पण डोळा ठेवला तर ती दगा देत नाही. आता कुणी विचारलं, स्वस्तातली चालेल का, तर मी उलट विचारतो, सांभाळणार कोण? भारी वस्तू आळशी माणसालाही सांभाळून घेते, इतकाच काय तो फरक. चिरंजीवांना हे मी तीनदा ऐकवलं आहे.

आणि तपासाबद्दल म्हणाल, तर त्या दिवसापासून मी एक नियम केला. ज्या गोष्टीवर आपण "तिचा काय संबंध" म्हणून आवाज चढवतो, तिथे आधी जायचं. चाळीस वर्षांच्या नोकरीत हे कळलं नाही. सत्तरी ओलांडल्यावर तांदळाच्या एका दाण्याने शिकवलं, आणि शिकायची लाज वाटली नाही.

पुढच्या रविवारी क्लबाच्या फळ्यावर संघाची यादी लागली. सगळी जपानी अक्षरं. मला मराठी वाचतानाही बोट फिरवावं लागतं, तिथे मी काय वाचणार? मी चष्मा पुसत नुसता उभा राहिलो. सूनबाई आली, माझं बोट धरलं आणि खालून दुसऱ्या ओळीवर टेकवलं.

"हे मी," ती म्हणाली.

मी त्या अक्षरांवरून बोट सावकाश फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.