दसऱ्याची मोटर

मी चोपड्याचा, नोकरी मात्र समुद्राची. किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या एका सागरी सेवेत पुढे येणाऱ्या नव्या जहाजांना सुटे भाग कुठून आणि कसे पोचवायचे, ती व्यवस्था आखायचं काम माझ्याकडे आहे. गावात कुणी विचारलं तर मी "जहाजांचं काम" एवढंच सांगतो. त्यावर हमखास कुणीतरी म्हणतं, तापीत एखादं आण की.

एका मे महिन्यात तो आराखडा सोबत घेऊनच मी रजेवर घरी आलो होतो. प्रत्येक महत्त्वाच्या यंत्राला जोड म्हणून तसंच एक जादा यंत्र प्रत्येक जहाजाच्या पोटात भरून ठेवायचं, म्हणजे घोर नाही, असं माझं गणित होतं. शेवटी मी आबांचा मुलगा. आमच्या शेडात गोणपाटाखाली एक जादा मोटर वर्षानुवर्षं बसून होती. दर दसऱ्याला आबा तिला हळदकुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायचे आणि पुन्हा झाकून ठेवायचे. चालू कधी केली नाही, आणि कुणी मागितली तर दिलीही नाही. "वखतले काम यी," असं म्हणायचे.

तो वखत त्याच मे महिन्यात आला. विहिरीवरची मोटर भर उन्हात जळाली. केळी नुकती निसवलेली, कोवळे घड लोंबत होते. चार-सहा दिवस पाणी चुकलं असतं तर वर्षाची मेहनत मातीत गेली असती. आबा मात्र ऐटीत शेडात गेले, गोणपाट काढलं, तारा जोडून बटण दाबलं. मोटर नुसती घुरघुरली. बेअरिंग गंजून जाम, आतल्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, आणि गळ्यात दसऱ्याची वाळकी माळ. मला हसू आलं, पण आबांचं तोंड बघून ते गिळलं. मेकॅनिककडे जळक्या मोटरींचा ढीग लागला होता. आठवडा तरी लागेल, म्हणाला.

संध्याकाळी बांधापलीकडच्या अक्का आल्या. एकट्या बाई, बाग आमच्या निम्मी, विहिरीवर एकच मोटर. मागे एकदा त्यांची जळाली तेव्हा आबांनी शेडातली द्यायला नकार दिला होता. आबा काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "तुमनी केळी निसवेल शे, मनी आजून धाकली शे. मोटर लई जा."

"आनि तुमनी केळीले पानी?" आबांनी खाली बघतच विचारलं.

"मी देखसू."

त्यांची मोटर आमच्या विहिरीवर आठवडाभर चालली. पलीकडे त्यांच्या रोपांची पानं कडांनी करपत गेली. मला ती बांधावरून दिसायची. आमचे घड वाचले. ते उपकार फिटायचे नाहीत, आणि फिटावेत असं मला वाटतही नाही.

मग आराखडा उघडला, तर त्यात जागोजागी मला आमचं शेडच दिसायला लागलं. वर्षानुवर्षं झाकून ठेवलेला पंप भर समुद्रात घुरघुरला, तर तिथं बांधापलीकडून कोण येणार? मी सगळं नव्यानं मांडलं. जादा यंत्र एकेका जहाजाचं नव्हे, एका बंदरातल्या सगळ्या जहाजांचं सामायिक; एकाचं बिघडलं तर जवळच्या जहाजानं आपलं घेऊन जायचं. आणि कुठलंही यंत्र नुसतं झाकून ठेवायचं नाही, आळीपाळीनं चालवायचं. हे सुचलं कुठून, असं साहेबांनी विचारलं. शेजारच्या बाईंमुळे, मी म्हटलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

अक्कांची मोटर परत करताना आबांनी शेडातलीही दुरुस्त करून सोबत नेली. आता दोन्ही अक्कांच्याच विहिरीवर असतात, आलटून पालटून चालतात. आमची जळाली की त्यातली एक आम्ही आणायची, असं ठरलंय.

गेल्या दसऱ्याला आबा झेंडूची माळ घेऊन बांध ओलांडून गेले. मीही मागोमाग गेलो. आमच्या शेडातली ती जुनी मोटर चालू होती. दोन मिनिटं बंद करू का, मी विचारलं. आबांनी मान हलवून नको म्हटलं, आणि अक्कांच्या बागेला पाणी देऊन होईपर्यंत माळ हातात धरून तिथंच उभे राहिले.