विषाणूचं मंगल कार्यालय

मी राहाता तालुक्यात जनावरांची सरकारी डॉक्टर आहे. या नोकरीत रोज एखादा तरी किस्सा पदरात पडतो. पूर्वी ते साठायचे नाहीत. संध्याकाळी चहाबरोबर सांगून टाकायचे, आणि आमचे हे, म्हणजे माझे यजमान, पोट धरून हसायचे. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. फ्लू होता. पहिले दोन दिवस मी घरीच काढा दिला, एवढंच सांगते. तेव्हापासून किस्से साठत चाललेत, आणि बहुतेक सगळे फ्लूचेच आहेत!

*

आमचे परिचर बन्सीभाऊ उडत्या कोंबडीला झेपावून धरतात. पण फ्लूची लस म्हटली की माणूस गायब!

"मॅडम, गेल्या साली घेतली की!"

"भाऊ, हा विषाणू सारखा थोडाथोडा बदलतो. गेल्या वर्षीच्या लशीवर भागत नाही."

"बदलायचं त्यानं आन टोचून घ्यायचं मी? त्यालाच टोचा!"

*

पुणतांब्याजवळच्या एका वस्तीवर एका मावशींच्या दोन कोंबड्या अचानक मेल्या. उरलेल्यांचे नमुने घेतले आणि बजावलं, "रिपोर्ट येईपर्यंत एकही कापायची नाही."

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. "आज जावई यायचेत. त्यांना काय सांगू?"

"खरं ते सांगा."

"मी न्हाई बाई. तुमीच सांगा!" असं म्हणून त्यांनी फोन लावून थेट माझ्या हातात दिला.

त्या अनोळखी जावयाला मी पंधरा मिनिटं उन्हात उभी राहून बर्ड फ्लू समजावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बरं, ते कळलं मॅडम. मग मटण करतायत का?"

*

शिर्डीहून एका हॉटेलच्या मॅनेजरचा फोन. "मॅडम, आमचं प्युअर व्हेज आहे. 'येथे बर्ड फ्लू नाही' असा बोर्ड लावला तर चालेल ना?"

मागे कोणीतरी सारखं खोकत होतं.

"बोर्ड राहू द्या. ते खोकतंय कोण?"

"वेटर आहे. दोन दिवस ताप आहे त्याला."

"मग त्याला आधी सुट्टी द्या!"

"सुट्टी दिली तर गर्दीत वाढणार कोण मॅडम? आणि तो पण व्हेजच आहे!"

*

शेवटी वैतागून ग्रामपंचायतीत सभाच घेतली. फळ्यावर बदक, डुक्कर आणि माणूस काढला. म्हटलं, बदकाचा विषाणू माणसात सहसा रुजत नाही. पण बदकाचा एक आणि माणसाचा एक, असे दोन विषाणू एकाच वेळी डुकरात शिरले, तर ते आपापले तुकडे अदलाबदल करतात. त्यातून नवाच विषाणू निघू शकतो. आपल्या शरीराला त्याची ओळख नसते, म्हणून तो धोक्याचा. आणि मधला प्राणी दर वेळी डुक्करच असेल असं नाही. म्हणून ताप असेल त्याने पोल्ट्रीकडे फिरकायचं नाही, घरातही वेगळं राहायचं आणि लवकर डॉक्टरकडे जायचं.

पहिल्या रांगेत रावसाहेब पोल्ट्रीवाले बसले होते. एकदम म्हणाले, "म्हंजी डुक्कर हे मंगल कार्यालयच झालं म्हना की! दोन्हीकडची मंडळी तिथं जमनार, आन सोयरीक करूनच भायेर पडनार!"

सभा हसली. मीही हसले. इतकी वर्षं सांगतेय, पण इतकं सोपं करून सांगणं मला कधी जमलं नव्हतं. आमच्या यांनी दुसऱ्याच दिवशी वर्गात वापरलं असतं.

वाटलं, चला, निदान एकाला तरी कळलं.

*

गेल्या थंडीत त्याच रावसाहेबांचा फोन आला. आवाज बसलेला. "मॅडम, चार दिस झाले ताप हाय. पन तुमचं तंतोतंत ऐकलं. घरात नात बारकी हाय, म्हनून येगळा राहतोय."

"शाब्बास! कुठे?"

"ब्रूडरमदी. बल्बांची लई ऊब हाय बघा."

ब्रूडर म्हणजे कोंबडीच्या पिल्लांना ऊब देण्यासाठी केलेली बंदिस्त जागा. आत हजारभर पिल्लं होती!

"अहो रावसाहेब, पोल्ट्रीकडे फिरकायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"व्हय, पन मी पिल्लांना हात बी लावला न्हाई!"

"आधी दवाखान्यात जा."

"कशाला? दोन दिसांत उतरंल की."

ते दोन दिवस मला माहीत होते. मी गाडी काढली. नमुने घ्यायला बन्सीभाऊंना पोल्ट्रीवर उतरवलं, आणि रावसाहेबांना मास्क लावून माणसांच्या दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांना धाप लागली. मी रागावणार होते, ते राहूनच गेलं.

पुढे पिल्लांचे नमुने स्वच्छ आले, आणि रावसाहेबही आठवड्याने चालत घरी गेले. पण त्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं. तरुण डॉक्टर मान खाली घालून फॉर्म भरत होता.

"पेशंटबरोबर कोण?"

"मी. यांच्या कोंबड्यांची डॉक्टर."

त्याने मान वर केली, आणि आधी स्वतःचा मास्क घट्ट केला. "काका, गेल्या चार दिवसांत कोंबड्यांच्या जवळ गेला होतात का?"

रावसाहेबांनी चोरून माझ्याकडे पाहिलं. मग ऑक्सिजनचा मास्क जरासा बाजूला करून म्हणाले,

"न्हाई साहेब. मी आपला पांघरून घेऊन गप पडलो हुतो. पिल्लंच आत शिरली."