श्रावणात उन्हावर चालणारी गाडी

मावळात ऐन श्रावणात गाडी फक्त उन्हावर चालवायची, असा निर्णय शुद्धीवर असलेला माणूस घेत नाही. मी घेतला. लेखी घेतला आणि गोठ्याच्या दारावर चिकटवला.

दोष संस्कारांचा. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी धरणग्रस्तांच्या आंदोलनात होते. आंदोलन संपलं, पत्रकांचे गठ्ठे उरले, आणि त्या गठ्ठ्यांवर मी बाराखडी शिकले. अजूनही आईकडे दुसरी भाकरी मागताना माझ्या तोंडून ‘आमची रास्त मागणी’ असे शब्द निघतात. (आई म्हणते, आधी ताटातली पालेभाजी संपव, मग वाटाघाटी.)

त्यामुळे घरात गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा लढा अटळ होता. दादाला डिझेलची जीप हवी होती. दादा नवलाख उंबऱ्याला ज्या कारखान्यात आहे, तिथे गाड्यांचे सायलेन्सर बनतात. माझा चेहरा बघून तो हायब्रिडवर आला. थोडं पेट्रोल, थोडी बॅटरी, कुणाचंच मन दुखायला नको. मी त्याच रात्री हायब्रिडविरुद्ध पत्रक लिहून फ्रिजवर लावलं. ‘एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून क्रांती होत नसते!’

दादाने ते शांतपणे वाचलं, फ्रिजमधून ताक काढलं आणि म्हणाला, “तुझ्या इलेक्ट्रिक गाडीला सायलेन्सर नसतो, ठाऊक हाय ना? उद्या सगळ्या जगानं तुझं ऐकलं तर मी काय बनवू? पत्रकं?”

यावर मी आवाज वाढवला. आबांनी जुन्या सवयीने घोषणा देणाऱ्याच्या बाजूने मत दिलं, आणि आंदर मावळातल्या आमच्या अंगणात एक जुनी इलेक्ट्रिक गाडी येऊन उभी राहिली.

थोडे दिवस मी फार सुखात होते. मग एकदा जेवताना दादाने सहज विचारलं, ही वीज येते कुठून? मी शोधायला गेले आणि माझी झोप उडाली. वीज बरीचशी कोळशातून येते. बॅटरीतलं लिथियम कुठल्या तरी लांबच्या देशात कुणाच्या तरी जमिनीखालून येतं. म्हणजे तिकडेही कोणी तरी आबा पत्रकं वाटत हिंडत असणार! मी रात्री उठून गाडीभोवती फेऱ्या घालू लागले. चार्जिंगला लावली की मला राखेचे ढीग दिसायचे. काढून ठेवली की आत्याचं गाव दिसायचं, जिथे एसटी आली तर लोक बघायला बाहेर येतात. गाडी वापरावी तरी पाप आणि उभी ठेवावी तरी पाप. अशी वस्तू घरात मी स्वतः भांडून आणली होती.

शेवटी मला मार्ग सापडला. आमच्या गोठ्यावर सोलरची पॅनेलं होती. गाडी फक्त त्यांच्यावर चार्ज करायची, घरातल्या बोर्डाला लावायचीच नाही. नियमाचा कागद दारावर गेला. आबा आभाळाकडे बघून म्हणाले की गेल्या पंधरवड्यात त्यांनी स्वतःची सावली पाहिलेली नाही. मी म्हटलं, श्रद्धा ठेवा.

आणि चमत्कार झाला. दिवसभर धुकं, पाऊस, समोरचा डोंगर गायब, तरी सकाळी गाडीत चार्जिंग वाढलेलं! ढगातून झिरपणारा उजेडही पुरतो, असा सिद्धांत मी मांडला. पत्रक काढलं, टाकव्याच्या बाजारात वाटलं. ‘आमची गाडी ढगावर चालते, तुमची?’ एका भाजीवालीने त्यात मला मिरच्या बांधून दिल्या.

अशात दादाचा साखरपुडा ठरला. मुलगी लोणावळ्याच्या अलीकडची. दादाला ती इतकी आवडली होती की तिचं नाव निघालं की तो ताटातलं लोणचं भातासारखं खायचा. अडचण एकच होती, मुलीचे मामा. मामा रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळे नोकरी कशी असावी याबद्दल त्यांचं मत रुळांइतकं पक्कं. त्यांनी कुठे तरी ऐकलं होतं की आता सगळ्या गाड्या विजेवर जाणार आणि सायलेन्सरचे कारखाने बसणार. भाचीला अशा बुडत्या धंद्यात द्यायची का, असं ते साखरपुड्याच्या आदल्या दिवसापर्यंत विचारत होते. दादाने हात जोडून सांगितलं की निदान त्या दिवशी तरी भाड्याची जीप करू, तिथे ही गाडी नको. मी म्हटलं, आपण आपली तत्त्वं लपवायची? आबांनी पुन्हा माझ्या बाजूने मत दिलं. (आबांचा मताधिकार काढून घ्यावा, असं मला आता वाटतं.)

निघताना आत्याने गाडीपुढे नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बजावलं की नारळ फुटलेल्या गाडीतून नवरदेवाने पोहोचेपर्यंत पाय खाली टाकायचा नाही. मी चालवायला, शेजारी फेटा बांधलेला दादा, मागे आबा, आई, आत्या, आणि डिकीत व्याह्यांसाठी इंद्रायणी तांदळाचं पोतं. चार्जिंग अर्ध्याहून कमी होतं. कान्हे फाट्यावर एका हॉटेलासमोर चार्जर दिसला. दादा म्हणाला, थोडा वेळ लाव. मी म्हटलं, तो कोळसा आहे. आणि पुढे निघाले.

कामशेतचा छोटासा घाट चढताना आकडा असा उतरू लागला की जणू गाडीला खालून भोक पडलंय. एसी बंद केला. काचांवर वाफ धरली. वायपर बंद केले. समोरचं दिसेना. घाट संपून थोडं पुढे जातो न जातो तोच समोरच्या पडद्यावर एक छोटं कासव उगवलं. बॅटरी संपत आली की ते येतं. मी घामाने भिजले.

आत्याने मात्र मागून हात जोडले. “कासव आलं गं बाई. देवळातबी पयलं कासवच असतंय. काम झालं समज.”

गाडी कासवाच्या चालीने सरकू लागली. मी पुटपुटत होते की असं होणं शक्य नाही, रोज सकाळी चार्जिंग वाढलेलं असतं, मी स्वतः पाहिलंय. तेव्हा आई पदर सावरत म्हणाली, “ते मी लावत हुते. धार काढाया उठले की घरातल्या बोर्डाला लावायचे, तू उठायच्या आत काढायचे. ह्या आठवड्यात आत्याकडं लाडू वळाया गेले, ऱ्हायलं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“दारावर एवढा कागद चिकटिवला हुतास. कशाला तुजं मन मोडा?”

आबा खोकले. दादा हसला नाही, आणि तेच जास्त लागलं. मला टाकव्याचा अख्खा बाजार डोळ्यांपुढे दिसला.

गाडी एका गुलाबाच्या पॉलीहाऊसच्या फाटकापाशी थांबली, ती हलेचना. दादा खाली उतरायला निघाला तर आत्याने मागून त्याचा फेटा धरला. त्यामुळे आम्ही चौघांनी चिखलातून गाडी ढकलली आणि नवरदेव आत मूर्तीसारखा बसून राहिला. रस्त्यावरून जाणाऱ्या पर्यटकांनी ही कुठली तरी मिरवणूक समजून फोटो काढले.

पॉलीहाऊसची मालकीण, कुणी एक मावशी, छत्री घेऊन बाहेर आली. मी गाडी चार्जिंगला लावायला प्लग मागितला. ती म्हणाली, वीज सकाळपासून गेलीय. मग तिने पत्र्याच्या शेडकडे बोट केलं. आत एक हत्तीएवढा जनरेटर उभा होता. डिझेलचा.

मी म्हटलं, दुसरा काही मार्ग असेल. थोडं थांबू. ऊन पडेल. सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तेवढ्यात दादाचा फोन वाजला. मामा होते. मुहूर्त टळला तर आमच्याकडून विषय संपला, असं ते इतक्या मोठ्याने म्हणाले की आत्यालाही ऐकू गेलं, आणि आत्याला सहसा ऐकू येत नाही. दादाने फोन खिशात ठेवला. मग तो फेटा नीट करत बसला.

मी शेडमध्ये गेले. “मावशी, लावा.”

“व्हय, पर लय धूर करतोय तो.”

“करू दे.”

आणि मी स्वतःच्या हाताने, फ्रिजवर पत्रक लावलेल्या त्याच हाताने, आमची विजेच्या गाडीची हिरवी नंबरपाटी मिरवणारी गाडी डिझेलच्या जनरेटरला जोडली. काळ्या धुराचा लोट उठला. वारा पडलेला, त्यामुळे तो सगळा आमच्या कपड्यांवर बसला. आई पदर नाकाला लावून मोठ्या समाधानाने गाडीकडे बघत होती, तशी ती व्यालेल्या म्हशीकडे बघते. मावशीने नवरीसाठी मूठभर गुलाब दिले. त्यांनाही डिझेलचा वास होता.

पडद्यावरचं कासव गेल्या गेल्या निघालो आणि मुहूर्ताला जेमतेम पोहोचलो. मामा दारातच उभे. आधी त्यांनी हिरवी पाटी पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला.

“पोरगा सायलेन्सर बनिवतो, आन् घरात गाडी बिनसायलेन्सरची? सोताच्या पोटावर पाय देणाऱ्या घरात मी पोरगी देऊ?”

दादा खाली बघायला लागला. दारामागे नवरीचा हिरव्या बांगड्यांचा हात दिसला. मी पुढे झाले.

म्हटलं, “मामा, ही गाडी डिझेलवर आलीय. वास घ्या.”

मामांनी दादाचा फेटा हुंगला. मी बोलत सुटले. सांगितलं की आमच्या भागात पावसाळ्यात ऊन नसतं, वादळात वीज नसते, आणि इलेक्ट्रिक गाडीला वीज लागते. म्हणजे गाडीमागे जनरेटर आला. जनरेटरला डिझेल आलं. आणि डिझेल जिथे, तिथे सायलेन्सर! जोवर माझ्यासारखे लोक अशा गाड्या अशा तऱ्हेने चालवतात, तोवर दादाच्या कारखान्याला मरण नाही. उलट दुसरी पाळी सुरू करावी लागेल!

मामांनी फेटा पुन्हा एकदा हुंगला. मग त्यांनी दादाचा हात धरला आणि आत नेलं. मांडवातून कुणी तरी टाळ्या वाजवल्या.

इतकी वर्षं मी पर्यावरणावर बोलतेय, पण माझं भाषण एकाही माणसाला कधी पटलं नव्हतं. पहिल्यांदा पटलं ते मामांना, आणि मी बोलत होते डिझेलच्या बाजूने.