पत्र्याखालची ऊब

माझ्या थोरल्या जावेने माहेराहून आणलेली एकच गोष्ट आमच्या घरात जिवंत होती : कडव्या वालाचं बी. तिचं माहेर शेलूचं. तिथल्या शेतांवर आता इमारती आहेत. बी मागायला जावं असा बांध उरलेला नाही. म्हणून भात निघालं की जमिनीतली ओल मावळण्याआधी ती वाल पेरायची, आणि फाल्गुनात पुढच्या पेरणीचं बी वेगळं काढायची.

भुंगा शेतातच, वाळून तडकलेल्या शेंगांतल्या दाण्यांवर अंडी घालतो. त्या अंड्यांचे पांढरे ठिपके घेऊनच वाल घरात येतो. त्यावर तिची रीत ठरलेली : कडक उन्हात तापवायचं, चुलीच्या राखेत घोळवायचं, आणि मातीच्या जमिनीच्या गार खोलीत मडक्यात भरायचं. त्या गारव्यात किडा सुस्तावतो, त्याची वाढ रेंगाळते.

जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, आणि चुलीबरोबर राखही गेली. त्या वर्षी थंडी पडलीच नाही. माघातही रात्री पंखा लागे. दाण्यांवर ठिपके दाट होते.

"वाडीवर अजून चुली हायेत, तिथनं पाटीभर राख मागून आनते," जाऊ म्हणाली.

भावोजी, म्हणजे तिचे यजमान, हसले. "येवढं घर बांधलं नि राखेची भीक मागनार? गच्चीवर शेडचा पत्रा तापतोय. ड्रममधी भर नि ठेव त्याच्याखाली."

"अवो, ऊन येगळं, ऊब येगळी. उन्हात किडा मरतो, उबेला त्याची पोरं वाढतात."

"शेतकी कॉलेजात कधी गेलीस गं तू?"

घर हसलं. निळा ड्रम वर गेला. ओल लागेल म्हणून पावसाळाभर कोणी झाकण उघडायचं नाही, असंही भावोजींनीच बजावलं. आत ऊन पोहोचत नव्हतं. अहोरात्र होती ती नुसती मंद, कोंडलेली ऊब. किड्याला ऋतूच उरला नाही. पिढीमागून पिढी निपजत राहिली.

कार्तिकात शेत तयार झालं, तेव्हा जावेने झाकण काढलं. उबट, कडसर पिठाचा वास आला. तिने ओंजळ भरली. पीठ बोटांतून गळलं, तपकिरी भुंगे मनगटावर चढले. मागे राहिलेल्या दाण्यांना गोल भोकं. तिने ते पाण्याच्या बादलीत ओतले. सगळे तरंगले, आतून पोकळ.

"बी सांभाळायचं तुझ्याकडंच व्हतं ना?" भावोजी म्हणाले.

"व्हतं."

चौकातल्या बियाण्याच्या दुकानातून नवं बी आलं. चांगलं उगवलंही. थंडीच्या नावाने जे काही दिवस आले, त्यांत आम्ही शेतात पोपटी लावली : मडक्यात भांबुर्ड्याचा पाला नि वालाच्या शेंगा भरून जाळात भाजल्या. मडकं उपडं करताच भाजल्या भांबुर्ड्याचा तिखट, हिरवा वास पसरला. भावोजींनी शेंग सोलून दाणे तोंडात टाकले.

"बघ, जरासुदिक कडू लागत नाय!"

"नाय लागत," जाऊ म्हणाली, आणि हातातली शेंग न सोलताच खाली ठेवली.