रविवारची चढण

केजच्या तहसीलमधले कारकून भाऊसाहेब दर रविवारी काळी सायकल डोंगरावर घालत. सराटे रुतू नयेत म्हणून टायरच्या आत जुन्या ट्यूबची पट्टी बसवलेली. शर्यतीचं नाव काढलं की भडकायचे. "शर्यतीत मानूस म्होरल्याचं चाक बघतो. डोंगर कवा बघनार?" बाजारात नव्यानेच आलेल्या गिअरच्या सायकलींना ते खेळणी म्हणत.

मी तसलीच एक घेतली. पुढच्या रविवारी ते दारात हजर. "आना बरं हिकडं."

माझी सायकल डोंगरावर घालून तासाभराने परतले. स्वतःच्या रुमालाने तिची धूळ पुसत राहिले.

"कशी वाटली, भाऊसाहेब?"

"लई चांगली हाय," ते हळूच म्हणाले. "पन डोंगर बारका झाला."

मग आपली काळी सायकल घेऊन ते पुन्हा त्याच डोंगराकडे निघाले.