पैप हाक

बाबूलाल मिस्त्री मुका झालाय असं हुलसुरात कुणी सांगितलं तर खुशाल त्याला म्हणा, सरुबाई म्हणली मुका न्हाई झाला, बोलायचं सोडलाय. मी बायको हाय त्याची, मला ठावं न्हाई तर कुणाला?

आगुदर किती बोलायचा, बाई गं! गॅरेजात निम्मी मराठी, निम्मी कानडी, वरून हैदराबादी हिंदीची फोडणी. बोल्ट लाव म्हणायच्या ऐवजी ‘बोल्ट हाक’ म्हणायचा. कानडीत हाक म्हणजे घाल, लाव. मराठीत हाक म्हणजे गाडी चालव. आमाला त्यात काय अडचण? कुठलं हाक कवाचं ते इकडच्या शेंबड्या पोराला बी कळतंय. पण आमचा जावई अमरदीप पडला औशाकडचा, कानडीचा गंध न्हाई. “मामा, तुमी बोलायलाव का भांडायलाव?” म्हणून हसायचा. लई गुणी लेकरू हो.

पंचशीलाचे दिवस भरत आले होते. लेकीला बसवकल्याणच्या दवाखान्यात न्यायची तर घरची व्हॅनच. जुनाट, कार्बोरेटरवाली. रेसवरचा पाय काढला की फडफड करून बंद पडायची. गॅरेजातल्या हाताखालच्या अमृतप्पा मिस्त्रीनं कार्बोरेटरचे पेच पिळपिळून ठेवले होते, त्यानं नुसता काळा धूर. आमचा म्हातारा त्याच्यावर भडकला. “कार्बोरेटरचा जीव कामून घ्यायलाव? गाडी कुठून तरी चोरून हवा घ्यायलीय, ती जागा हुडका!” पेच पुन्हा जाग्यावर आणले आन् इंजनाचे रबरी पैप एकेक करून चिमट्यात दाबत, कान लावून बसला. जाड पैप दाबला तसं इंजन शाण्यासारखं एका सुरात चालाय लागलं. खालून चिरला होता मेला. तो पैप ब्रेकला जातो. इंजन त्यातून हवा ओढतंय म्हणून ब्रेक पायाला हलका लागतो, पैप नसला की दगड. म्हाताऱ्यानं चिरका पैप काढला, इंजनाकडच्या तोंडाला तात्पुरतं बूच मारलं आन् नवा पैप आणाय बसवकल्याणला निघाला. जाताना जावयाला म्हणला, “बापू, मी सांगेस्तोवर गाडी हलवू नका.”

पैप मिळाला. जीपवाला सोमशेखर हुलसूरला यायलाच होता, त्याच्याकडं दिला. म्हातारा तिथंच थांबला, लेकीचं नाव दवाखान्यात लावायला. तेवढ्यात जावयाचा फोन. “मामा, गाडी झकास चालायलीय, अजिबात बंद पडंना. पंचशीलाच्या पोटात दुखायलंय. निघू का?” म्हातारा उभा बस-स्टँडवर. हॉर्नांत त्याला निम्मं ऐकू आलं, निम्मं न्हाई. त्यानं वरडून सांगितलं, “सोमशेखर आणायलाय, पैप हाक!” तिकडं नुसतं ‘हाक’ पोचलं. अमरदीपनं इचारलं, “हाकू?” हा म्हणला, “हाका की बापू, लवकर!”

मामानं सांगितलं. मग काय? त्यानं बायकोला फोन केला, “बाबा हाक म्हणले, आलोच,” आन् निघाला. गॅरेज माळावर, घर उताराच्या बुडाला. खाली वळणावर उसाची ट्रॉली उभी होती. मी दारातूनच बघायलते. गाडी थांबंचना. ब्रेक दगड झाला होता, त्या लेकराला काय ठावं? आवाज झाला, मी पळाले. सोमशेखर जीपमधून उतरला तवा नवा पैप त्याच्या हातातच होता. जावई तिथंच गेला.

म्हातारा आला. पंचशीलानं एवढंच इचारलं, “बाबा, तुमी हाक म्हणलाव?” म्हातारा म्हणला, “पैप, बाई. पैप हाक म्हणलो.” त्या दिवसापासनं त्याची जीभ बसली. मी भांडले, रडले, शिव्या घातल्या. “अवो, माझ्याशी तरी बोला, मी कुणाशी बोलू?” न्हाई. गॅरेजात बोट दाखवतो, घरात ताट सरकवतो. पैप तसाच खिळ्याला लटकायलाय. आन् तो शब्द आमच्या घरात कुणी काढत न्हाई.

पण लेकरं काय घरातच बोलायला शिकतात व्हय? नातू नागेश, बाप गेल्यावर झालेला, आता बोलाय लागलाय; दिवसभर शेजारच्या कानडी चंद्रम्माच्या वट्ट्यावर. परवा भर दुपारी अंगणात उघड्या पायानं आला, हातात आपली चप्पल. आबाच्या मांडीवर ठेवली, पाय पुढं केला आन् म्हणला, “आबा, हाक!”

माझ्या हातातली परात खाली पडली. म्हाताऱ्याचं तोंड पांढरं फटक. चप्पल तशीच हातात. “घाल म्हण राजा,” म्हणला. किती वर्सांनी आवाज ऐकला मी त्याचा! “घाल म्हण. घाल.” लेकरू हसलं आन् पुन्हा म्हणलं, “हाक!”

पंचशीला दारातच उभी होती. मला वाटलं आता ही आत जाऊन दार लावून घेती. ती तिथूनच म्हणली, “बाबा, हाका की. पाय भाजायलाय त्याचा.”