भिवराबाईनं मोजलेली माणसं

आमच्या परभणीच्या बांधकाम कचेरीतले ओव्हरसियर दिनकरराव म्हणजे "हो साहेब" एवढ्यावर सारी नोकरी काढलेला माणूस. भिडस्त इतके, की बिनसाखरेचा चहा आला तरी मुकाट्यानं प्यायचे. पण एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांनी आखलेल्या सभागृहात मेळावा भरला आणि दोन बाया उकाड्यानं चक्कर येऊन पडल्या. तेव्हापासून त्यांना झोप नव्हती.

पुढल्या वर्षी राणीसावरगावचं सभागृह आखायला त्यांच्याकडंच आलं. कचेरीत नवा कॉम्प्युटर होता. त्यातला प्रोग्राम विचारायचा, आत माणसं किती आणि काय करताहेत? त्यावरून माणसांच्या अंगाची उष्णता धरायची, मग पंखे नि खिडक्या ठरायच्या. बसलेलं माणूस म्हणजे शंभराचा एक बल्ब, एवढा साधा हिशेब. दिनकररावांनी नकाशावरच्या खुर्च्या मोजल्या आणि ऐंशी आकडा टाकला. मागल्या वेळी हेच केलं होतं, हे आमच्या शहाण्याच्या ध्यानातच येईना! खरं सांगायचं तर मी शेजारच्याच टेबलावर, पण माझ्याही ध्यानात आलं नाही.

झाडायला आलेली भिवराबाई थांबली. मेंढरं राखणाऱ्या घरातली बाई.

"सायेब, एवढीच मानसं?"

"खुर्च्या ऐंशीच आहेत, बाई."

"खुर्चीवर सायेब लोक बसतेत. बाया खाली सतरंजीवर, लेकरं मांडीवर. दोनशाला कमी न्हाई. अन् उन्हात चालून येतेत. चालून आलेलं मेंढरू आमी लगेच कोंडत न्हाई. त्याचं आंग लय तापल्यालं असतंय."

दिनकररावांना चक्कर येऊन पडलेल्या त्या दोन बाया आठवल्या. मग त्यांनी आकडा दोनशे केला, आणि 'बसलेली' काढून 'चालून आलेली' धरली. चार पंख्यांचे बारा झाले.

साहेब व्यंकटराव भडकले. "दोनशे कुठून आणले? ऐंशी करा."

"नाही साहेब." दिनकररावांनी कागद परत त्यांच्यापुढं सरकवला. "ऐंशीवर मी सही करणार नाही. मागच्या वेळी केली होती."

साहेबांनी बारा पंख्यांचा हिशेब पुन्हा एकदा वाचला. शेवटी सही करून उठून गेले. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

भिवराबाई दारातच उभी होती. "सायेब, मेळावा कुठं बी असो, पानी वाटायला तुमी मलाच धाडता. दिवसभर आतच असते मी. मला धरलं का?"

 सही झालेला कागद दिनकररावांनी पुन्हा पुढं ओढला आणि दोनशेचे दोनशे एक केले.